ब्रेकचे काम केल्यावर स्टिअरिंग थरथरते? या चुका टाळा

ब्रेक पॅड आणि डिस्क नवीन टाकून गाडी रस्त्यावर आणली आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातात थरथरू लागले, तर बहुतेक जण डिस्कच खराब निघाली असे ठरवून मोकळे होतात. मग दुकानदाराशी वाद होतो, दुसरी डिस्क बसते आणि काही दिवसांनी तीच थरथर पुन्हा सुरू होते. माझे स्पष्ट मत आहे की, डिस्क हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या, ज्या पृष्ठभागावर बसते तो नीट तपासल्याशिवाय दुसऱ्या डिस्कवर एक रुपयाही खर्च करू नये.

त्याही आधीची चूक म्हणजे थरथर नेमकी केव्हा येते हे न पाहताच पाना हाती घेणे. ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल, तर संशय पुढच्या डिस्कवर घ्यावा. ब्रेकला पाय न लावता ८० ते १०० किलोमीटरच्या वेगात ते हलत असेल, तर दोष बहुधा चाकात असतो; काम करताना बॅलन्सिंगचे वजन निघून पडले का, चाक नीट बसले का, हे पाहावे. स्टिअरिंग शांत आहे पण सीट आणि पॅडल धडधडते, असे असेल तर मागचे ड्रम तपासावेत. त्यासाठी मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढून पाहावा. मागची चाके हँडब्रेकने थांबणाऱ्या गाडीत तशीच धडधड आली, तर ड्रम गोल राहिलेला नाही असे समजावे.

आपल्याकडे पावसाळ्यात यात आणखी एक कारण मिसळते. पांदणीतून शेतात जाऊन आलेल्या गाडीच्या रिमला आतल्या बाजूने काळ्या मातीचा चिखल चिकटतो, सुकून कडक होतो आणि बाहेरून धुतलेल्या चाकावर तो दिसतही नाही. एवढ्यानेही चाकाचा तोल जातो. आधी रिम आतून धुऊन पाहावे. यासाठी कोणताही सुटा भाग लागत नाही.

आता हबकडे येऊ. जुनी डिस्क काढली की हबवर तांबूस गंजाचे कडे दिसते. मेकॅनिक त्यावरून वायर ब्रश फिरवतो, पण स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टच्या, मुळाशी ब्रश पोहोचत नाही आणि तिथेच नखाने खरवडली तर पापुद्र्यासारखी निघणारी खपली राहून जाते. पाटाखाली ज्वारीचा एक दाणा आला तरी पाट डुगडुगतो, तशीच ही डिस्क तिरकी बसते. हबचा व्यास १४ सेंटीमीटर आणि डिस्कचा २५ सेंटीमीटर धरला, तर हबच्या कडेवरची ०.०५ मिलिमीटरची खपली डिस्कच्या कडेपर्यंत जवळपास ०.०९ मिलिमीटर होते. बसवलेल्या डिस्कचा डोल, म्हणजे फिरताना तिची कड आत-बाहेर हलते ते अंतर, साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा, असे बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत धरले जाते. नेमकी मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी.

लोक फसतात ते यापुढे. अशी तिरकी डिस्क पहिल्या दिवशी त्रास देईलच असे नाही, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तिच्याबरोबर सरकत राहतो. मात्र प्रत्येक फेरीला तिची तीच जागा पॅडला घासते, तिथली जाडी हळूहळू बदलते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबताच थरथर जाणवू लागते. तेव्हा ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते. पण खरे कारण ती बसवली त्याच दिवशी घडलेले असते.

म्हणून हब पॉलिश पेपरने अगदी स्टडच्या मुळापर्यंत घासून घ्यावा. नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर ठेवून, मागच्या चाकांना दगड लावून, चाक न लावता डिस्कवरच सर्व नट वॉशरसह आवळावेत आणि डायल गेज (डोल मोजणारे काट्याचे उपकरण) लावून डिस्क हाताने फिरवावी. तालुक्याच्या गॅरेजमध्ये गेज नसल्यास शॉकअपला घट्ट बांधलेल्या तारेचे टोक डिस्कच्या अगदी जवळ आणून फट कमी-जास्त होते का ते पाहावे. मोठा डोल त्यातही कळतो. डोल आढळला तर डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवावी आणि पुन्हा पाहावे.

चाकाचे नट एका ओळीने आवळणे किंवा पान्यावर उभे राहून आवळणे ही सवय मोडली पाहिजे. समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आणि मॅन्युअलमधील टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळावेत. लहान गाड्यांसाठी तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर असतो. शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत.

कॅलिपरच्या पिना हाताने सहज सरकत नसतील, तर नवे पॅडही एका बाजूने तापतात आणि खराब होतात. पिना साफ करून ब्रेकचेच ग्रीस लावावे.

शेवटची चूक चालकाची असते. नवे पॅड टाकून लगेच परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट गाठला, उतारावर ब्रेक सतत दाबून धरला आणि खाली येऊन तापलेल्या डिस्कवर तसाच पाय ठेवून गाडी उभी केली, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. त्याऐवजी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक लावत आठ-दहा वेळा वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, मध्ये डिस्कला वारा लागू द्यावा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असल्यास तीच पाळावी. एवढे करूनही थरथर राहिली, तर लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले रबर) आणि टायरॉड एंड (स्टिअरिंग चाकाला जोडणारा सांधा) पाहावेत, कारण ते सैल असले की डिस्कचा किरकोळ डोलही स्टिअरिंगवर मोठा होऊन येतो.