चार २९०१ जोडून १६ बिटांचा प्रोसेसर: आधी स्विचवर, मग मायक्रोकोड

एएमडीची १९७५ सालची २९०१ ही अख्खा प्रोसेसर नव्हे, त्याचा चार बिटांचा काप. आत सोळा रजिस्टरं (आकडे साठवायच्या जागा), क्यू नावाचं एक जादा रजिस्टर आणि आठ क्रिया करणारं एएलयू (बेरीज, वजाबाकी आणि तर्कक्रिया करणारा भाग). चार चिप शेजारी ठेवल्या की १६ बिट मिळतात. डेटा जनरलचा नोव्हा ४ आणि डेकचा व्हॅक्स-११/७३० हे संगणक याच चिपवर उभे होते, त्यामुळे हे शिकणं म्हणजे खऱ्या यंत्रांचं पोट उघडून पाहणं आहे. माझा आग्रह एकच: मायक्रोकोडच्या (चिपना प्रत्येक पायरीला काय करायचं ते सांगणाऱ्या सूचनांच्या) मेमरीला हात लावण्याआधी चारही चिप स्विचवर चालवून पाहा.

जोडणी दिसते तेवढी अवघड नाही. सूचनेच्या नऊ तारा (आय० ते आय८), ए आणि बी पत्त्यांच्या (कोणती दोन रजिस्टरं घ्यायची ते सांगणाऱ्या) चार-चार तारा आणि क्लॉक (पायरीचा ठोका देणारी तार) हे सगळं चारही चिपना समाईक. डेटाच्या डी पिन मात्र ज्याच्या त्याच्या. हातच्यासाठी खालच्या चिपची सीएन+४ (हातचा बाहेर देणारी पिन) वरच्या चिपच्या सीएनला (हातचा आत घेणाऱ्या पिनला) द्या. हातचा लवकर पोचवणारी २९०२ ही चिप नंतर लावा. हाताने क्लॉक देताना तिचा काही उपयोग नाही. ‘उत्तर शून्य’ सांगणाऱ्या पिन ओपन कलेक्टर (फक्त खाली ओढू शकणाऱ्या) आहेत, म्हणून चारही एकत्र बांधून एका रेझिस्टरने ५ व्होल्टला ओढा. चिन्ह आणि ओव्हरफ्लो (उत्तर न मावल्याची खूण) फक्त सर्वांत वरच्या चिपचे घ्या. प्रत्येक चिपला लागून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. या बायपोलर चिप वीज भरपूर खातात.

सूचना ऑक्टलमध्येच (दर तीन बिटांना ० ते ७ मधला एक आकडा) लिहा, कारण नऊ बिटांचे तीन आकडे बरोबर तीन प्रश्नांची उत्तरं देतात. डावा: उत्तर कुठे ठेवायचं. मधला: क्रिया कोणती. उजवा: आकडे कुठून घ्यायचे. ३३७ म्हणजे डी वरचा आकडा बी रजिस्टरात भरा. ३०१ म्हणजे बी मध्ये ए मिळवा. ३११ म्हणजे बी मधून ए वजा करा, पण तेव्हा सर्वांत खालच्या सीएनला १ हवा, नाहीतर उत्तर एकाने कमी येतं. ३४३ ने रजिस्टर शून्य होतं. एवढं पाठ झालं की डेटाशीट पुन्हा पुन्हा उघडावी लागत नाही.

क्लॉक खाली असताना रजिस्टरात लिहिलं जातं. म्हणून स्विच बदलायचे ते क्लॉक वर असतानाच. बटणाला डीबाउन्स सर्किट लावा. एका दाबण्यात दोन-तीन पल्स गेले, तर बेरीजही तितक्या वेळा होते.

आता कसोटी. रजिस्टर १ मध्ये सगळे १ भरा, रजिस्टर २ मध्ये फक्त १. मग ए=२, बी=१, सीएन=० ठेवून ३०१ लावा. बटण दाबण्याआधीच वाय (उत्तराच्या पिन) वरचे सोळाही एलईडी विझलेले, शेवटचा हातचा आणि शून्याचा दिवा लागलेला दिसला पाहिजे. बटण दाबून सोडलं की वाय वर १ दिसेल. ही चूक नव्हे. चिप लगेच पुढची बेरीज दाखवते. हातचा मधेच अडला, तर कुठल्या दोन चिपमधली तार तपासायची ते एलईडीच सांगतात.

हे जमलं की २९१० आणा. ती मायक्रोकोडचा १२ बिटांचा पत्ता देते, आणि तिच्यातला काउंटर गुणाकाराला फार कामाचा आहे. गुणाकाराची पायरी मला या चिपमधली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते: ४०१ मिळवून उजवीकडे सरकवते, ४०३ नुसती सरकवते, आणि दोघींत फरक फक्त आय१ चा. क्यू० चा (क्यू रजिस्टरातला सर्वांत खालचा) बिट उलटा करून आय१ ला दिला, की मिळवायचं की नाही हे गुणकच ठरवतो. रॅम०, रॅम३ आणि क्यू३ या सरकवताना बिट आत-बाहेर नेणाऱ्या पिन: सर्वांत खालच्या चिपची रॅम० सर्वांत वरच्या चिपच्या क्यू३ ला जोडा. शेवटचा हातचा वरच्या रॅम३ ला द्या. या पिन दोन्ही दिशांनी चालतात, म्हणून मधे ट्राय-स्टेट बफर (नको तेव्हा तारेपासून सुटा होणारा) हवा. आधी ए मध्ये गुण्य (जिला गुणायचं ती संख्या) भरा, बी शून्य करा, क्यू मध्ये गुणक भरा, काउंटरमध्ये १५ भरा. शून्याची फेरी धरून फेऱ्या सोळा होतात. ६५५३५ ला ६५५३५ ने गुणून पाहा: बी मध्ये ६५५३४ आणि क्यू मध्ये १ आला, तर हातच्याची आणि सरकवण्याची जोडणी बरोबर आहे.