गेममध्ये गाणं वापरताय? या चुका टाळा

ओळखीची चाल कानावर पडली की खेळणारा लगेच गुंततो, म्हणून छोट्या टीमलाही गेममध्ये गाजलेलं गाणं हवंसं वाटतं. पण बहुतेक जण फी किती एवढंच विचारतात. परवानगी कोणाची, कशासाठी आणि किती वर्षांची, हे बघायचं राहून जातं आणि गेम अडकतो तो इथेच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकाच परवानगीवर भागवणं. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. पहिल्यासाठी सिंक लायसन्स लागतं, म्हणजे गाणं हलत्या चित्राशी जुळवून वापरायची परवानगी. दुसऱ्यासाठी मास्टर लायसन्स, म्हणजे तेच रेकॉर्डिंग वापरायची परवानगी. समजा, वारीवर गेम करताय आणि त्यात अभंग हवाय. तुकोबांचे शब्द सगळ्यांचेच आहेत. पण चाल श्रीनिवास खळे यांची असेल तर? आपल्या कायद्यात चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींना २०७१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा असतो आणि तो बहुधा म्युझिक कंपनीकडे असतो. त्यामुळे जुनं रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी चाल मोकळी झाली असं होत नाही. दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलंत तर मास्टर लायसन्स वाचतं, चालीची परवानगी मात्र लागतेच. माझं मत विचाराल तर चाल खरोखर पारंपरिक आहे याची खात्री करा आणि नव्याने गाऊन घ्या. खर्च कमी होतो आणि रेकॉर्डिंग तुमचं राहतं.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही नियम नाही. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही.

मुदतीकडे दुर्लक्ष करणं मोठ्या कंपन्यांनाही महागात पडलंय. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ २००८ साली आला आणि लायसन्सची मुदत संपल्यावर एप्रिल २०१८ मध्ये त्यातली बरीच गाणी अपडेट देऊन काढावी लागली. ‘अ‍ॅलन वेक’ तर मे २०१७ मध्ये विक्रीतूनच उतरवला गेला. गाण्यांची लायसन्सं पुन्हा मिळाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये तो परत आला.

ओळखीच्या संगीतकाराकडून नवं संगीत करून घेतलं तरी हा धोका आहेच. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘वापर रे, आपलंच आहे’ला करार म्हणत नाहीत. आणि लेखी करार करूनही त्यात मुदत लिहिली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार ती पाच वर्षंच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर हक्क भारतापुरता मानला जातो. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात गेम जगभर विकला जातो, म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द करारात हवेतच. ट्रेलर, मोबाइल आणि कन्सोल आवृत्त्या, पुढचे अपडेट हेही नावानिशी लिहा. ट्रेलर तर हमखास विसरला जातो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं संगीत घेताना कोणतं लायसन्स आहे ते नीट वाचा. ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर विकायच्या गेममध्ये चालत नाही. ‘एनडी’ (बदल नको) असेल तर फुकटच्या गेममध्येही अडचण येते, कारण हलत्या चित्राशी संगीत जुळवणं म्हणजे त्या लायसन्सच्या भाषेत बदल करणंच.

गेम बाजारात आल्यावर नोटीस आलीच तर गप्प बसू नका. आधी करार आणि पावत्या काढा, मग वकिलाला दाखवा. तोवर ते गाणं बदलून अपडेट द्यायची तयारी ठेवा. गाणी वेगळ्या फाइलमध्ये असतील आणि गेममधल्या लेव्हलची वेळ गाण्याच्या ठेक्यावर बांधलेली नसेल, तर हे काम सोपं जातं. तुमचा गेम खेळून दाखवणाऱ्यांच्या यूट्यूब व्हिडिओंवर कॉपीराइटचे दावे यायला लागले, तर सेटिंग्जमध्ये कॉपीराइटची गाणी बंद करायचं बटण द्या. ‘सायबरपंक २०७७’मध्ये ही सोय आहे.