विहिरीचा सुरुंग उडवायच्या आधी हवा बघून घ्या

विहिरीला काळा पाषाण लागला की ब्लास्टिंगवाल्याला बोलावणं आलंच. लायसन, परवानगी, ठासणी हे सगळं त्याचं काम, त्यात आपण बोट घालायचं नाही, पण हवेकडं आपणच बघायचं कारण हवेनं आवाज लांबच्या वस्तीवर नेऊन आदळला तर नंतर शेजाऱ्यांच्या शिव्या आपल्याला खायच्यात.

पहिली वेळ ठरवा. थंडीत सकाळी सातलाच उरकून टाकू म्हणणारे भरपूर, आणि नेमकी तीच वेळ वाईट. रात्रभर जमीन गार होते, तिच्या अंगालगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा गरम, आणि सांगलीकडं कृष्णाकाठच्या सखल रानात तर गारठा अजूनच साचून राहतो. आता आवाज गरम हवेत जास्त पळतो, ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर आणि २० अंशाला ३४३, त्यामुळं तिरका वर गेलेला आवाज तिथनं वाकून परत खाली येतो तो थेट लांबच्या वस्तीवर. दुपारी जमीन तापली की उलटं, आवाज वर निघून जातो. म्हणून १२ ते ३ धरा. यंत्रबिंत्र काही नको, गुऱ्हाळाचा धूर बघा, थोडा वर जाऊन उसावर आडवा पसरून बसला असेल तर थांबा. आभाळ भरून आलं असेल तर दुपारचाही फारसा फायदा नाही, जमीन तापतच नाही ना.

मग वारा. वारा जिकडं चाललाय तिकडच्या वस्तीवर आवाज वाकतो, तिथल्यांना आदल्या दिवशीच सांगा, ग्रुपवर टाका, म्हातारी माणसं आणि दावणीची जनावरं यांचं आधी. लांबचे आहेत म्हणून सोडू नका राव, १९०१ साली व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेला इंग्लंडात आरमारानं तोफा डागल्या तेव्हा जवळच्या कित्येक गावांना ऐकू नाही आलं आणि १०० किलोमीटरपलीकडं आवाज पोचला.

सैल तावदानांत कागदाच्या घड्या खुपसायला सांगा. स्फोटाच्या आवाजातला कानाला न कळणारा, एकदम खालच्या सुराचा हवेचा दाबही काचा खडखडवतो, आणि साताऱ्यात, पाटण-कराडकडं तर विशेष, तांब्या हलला तरी कोयनेचा भूकंप आठवतो, १९६७ विसरलंय कोण.

उडवताना वारा जिकडं चाललाय तिकडच्या वस्तीत एक जण फोन घेऊन उभा ठेवा, काचा वाजल्या म्हणाला तर पुढची खेप वारा फिरेपर्यंत थांबवा.