तूट आणि अपहार : फौजदारी वकिलीत नव्याने येणाऱ्यांसाठी

फोर्टच्या सत्र न्यायालयात अपहाराची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलांकडे ज्युनिअर म्हणून येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. लेखापरीक्षणात रक्कम कमी निघाली, सही याच माणसाची, मग बचाव उरतो कुठे?

उरतो, आणि तो कायद्याच्या मूळ मजकुरातच आहे. लोकसेवकाने केलेल्या फौजदारी न्यासभंगाला, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाच्या किंवा मालमत्तेच्या अपहाराला, भारतीय दंड संहितेचं कलम 409 लागायचं. 1 जुलै 2024 पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम 316(5) लागतं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. पण रक्कम हातात होती एवढं दाखवून सरकार पक्षाचं भागत नाही, अप्रामाणिक हेतूही सिद्ध करावा लागतो. गाइड बाजूला ठेवा आणि दंड संहितेत न्यासभंगाची व्याख्या देणाऱ्या कलम 405 खालची उदाहरणं वाचा. कलकत्त्यातल्या प्रतिनिधीला दिल्लीचा माणूस कंपनीच्या रोख्यांत गुंतवायला लाख रुपये पाठवतो. प्रतिनिधीने ते स्वतःच्या धंद्यात घातले तर गुन्हा. मालकाचं भलं होईल अशा सद्भावनेने त्याच्यासाठी बँक ऑफ बेंगॉलचे शेअर घेतले, तर हुकूम मोडूनही, नुकसान होऊनही गुन्हा नाही. दिवाणी दावा मात्र होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या चेंगा रेड्डी निकालात हेच सरकारी कामांना लावलं. नियम डावलले म्हणून विभागीय कारवाई होईल, पण तेवढ्यावर फौजदारी शिक्षा टिकत नाही.

म्हणून सगळेच सुटतात असं समजू नका. 1960 च्या जयकृष्णदास देसाई निकालातलं प्रकरण मुंबईचंच आहे. रंगवायला दिलेल्या सरकारी कापडाचा हिशेब देता आला नाही आणि दिलेला खुलासा खोटा ठरला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून अप्रामाणिक हेतूचा निष्कर्ष काढला. नुसता हिशेब जुळला नाही म्हणून शिक्षा नाही. खोट्या खुलाशाने माणूस अडकतो. पैसे नंतर भरले हाही पूर्ण बचाव नाही, कारण काही काळापुरता केलेला अपहारही कायद्याने अपहारच आहे.

माझा भर कायम कागदांवर असतो. पावतीपुस्तकाची कार्बन प्रत मूळ पावतीशेजारी ठेवून बघा. मूळ पावतीवर 4,500 आणि प्रतीवर 500 असेल, तर मधल्या कार्बनशिवाय प्रत वेगळी लिहिली गेली. ती चूक नव्हे, त्यामागे डोकं आहे. याउलट बेरजेत एक ओळ सुटली आणि तो फरक रोकडवहीत पुढच्या प्रत्येक पानावर तसाच उतरत गेला, खाडाखोड नाही, चलनं क्रमाने लावलेली, तर लपवणाऱ्याचा हात तिथे सहसा नसतो. दोन्ही ठिकाणी तूट तेवढीच असू शकते. दोषारोपपत्रात बहुतेक वेळा फक्त तूट असते, आणि प्रामाणिक कारकुनाचं आयुष्य त्या एका आकड्यावर पणाला लागतं. याची मला खरोखर चीड येते.

आशिलाला पहिल्याच भेटीत विचारा, तूट कळल्यावर वरिष्ठांना लेखी कळवलं का? कळवलं असेल तर त्या पत्रावर आवक क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा. पोच हरवली असेल तर माहिती अधिकारात अर्ज करून आवक नोंदवहीतल्या त्या पानाची साक्षांकित प्रत काढा. जामिनाच्या सुनावणीलाही ती उपयोगी पडते.