हवेची गळती बंद केली, तरी वीजबिल उतरत नाही? हवा आणि वाफेच्या लाइनवरच्या या चुका टाळा

एअरजेट मागांची (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणाऱ्या मागांची) शेड आणि तिला लागून प्रोसेस हाऊस (कापड धुण्या-रंगवण्याचा विभाग), असे कारखाने इचलकरंजीच्या पट्ट्यात पाहायला मिळतात. शेडमध्ये हवेची लाइन, प्रोसेसमध्ये वाफेची. दोन्हींची देखभाल बहुधा एकाच फिटरकडे असते आणि एकीचे औषध दुसरीला दिले जाते. निम्मा घोटाळा तिथेच होतो.

दाब वाढवून तक्रार मिटवणे

शेवटच्या रांगेतल्या मागाला दाब पुरत नाही म्हटले की कॉम्प्रेसरचे सेटिंग 7 वरून 8 बारवर जाते. तक्रार थांबते, पण वीज 6 ते 10 टक्के जास्त लागते. शिवाय प्रत्येक गळतीतून हवाही जास्त जाते, कारण भोकातून सुटणारी हवा निरपेक्ष दाबाच्या (गेजवरचा दाब अधिक वातावरणाचा दाब) प्रमाणात वाढते.

आधी एकच खात्रीचा गेज घेऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, ड्रायरनंतर, लाइन फिल्टरनंतर, हेडरच्या (मुख्य पाइपच्या) टोकाला आणि मागाच्या एफआरएलनंतर (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा ल्युब्रिकेटर यांचा जोड) दाब मोजा. माग चालू असतानाच मोजा. बंद लाइनवर सगळीकडे दाब पुरेसाच दिसतो. कॉम्प्रेसरपासून टोकापर्यंतची घट 10 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर दोष मधे आहे. बहुतेक वेळा तुंबलेले फिल्टर एलिमेंट, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा गरजेपेक्षा बारीक होज सापडतो.

गळती न मोजताच पाना हातात घेणे

माग बंद, पण त्यांचे मुख्य व्हॉल्व्ह उघडे, अशा वेळी एक कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत) राहतो, हे चार-पाच फेऱ्यांत टिपा. समजा 500 सीएफएमचा (मिनिटाला 500 घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर 2 मिनिटे लोड आणि 6 मिनिटे अनलोड होतो. म्हणजे 2 भागिले 8, 25 टक्के, 125 सीएफएम हवा नुसती गळते आहे. 100 सीएफएमला 18 किलोवॉट धरले तर ही 22 किलोवॉटची गळती झाली. व्हीएफडी (मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) कॉम्प्रेसरवर हा हिशेब चालत नाही. तिथे फ्लो मीटर लागतो.

7 बारला 3 मिलिमीटरच्या एका भोकातून साधारण 20 सीएफएम हवा जाते. एवढे मोठे भोक क्वचितच सापडते; खरा चोर असतो सैल पुश-फिट (नळी दाबून बसवायचा जोड), कडेला तिरकी कापलेली पीयू (प्लास्टिकची) ट्यूब, एफआरएलच्या वाटीचा ओ-रिंग आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (विजेवर उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हचा) एक्झॉस्ट. ट्यूब कात्रीने कापू नका, कटरने काटकोनात कापा. एक्झॉस्टमधून सतत हवा येत असेल तर फिटिंग आवळून काहीच होणार नाही, आतले सील गेलेले असते.

आता शीर्षकातला प्रश्न. अनलोडवरही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण लोडच्या 25 ते 35 टक्के वीज खातो. गळती बंद झाली, पण तेवढेच कॉम्प्रेसर चालू राहिले, तर वाचलेल्या हवेचा मोठा हिस्सा अनलोडमध्येच जिरतो. म्हणून दुरुस्तीनंतर लगेच सेटिंग खाली आणा आणि एखादे मशीन बंद करता येते का ते बघा. हे काम फिटरचे नाही, शिफ्ट इंजिनीअरचे. म्हणूनच ते राहून जाते.

कॉम्प्रेसर रूममधली गरम हवा परत आत ओढली जाणे हाही रोजचा तोटा. आत जाणारी हवा 4 अंशांनी तापली की वीज सुमारे 1 टक्का वाढते. रिसीव्हरचा (हवेच्या टाकीचा) पाणी काढायचा ड्रेन किंचित उघडा ठेवण्याची सवय मात्र सरळ मोडून काढा. साचलेल्या पाण्याच्या लेव्हलवर आपोआप उघडणारा ऑटो ड्रेन बसवा.

वाफेचा दाब बॉयलरवरच उतरवणे

हवेचा दाब जमेल तेवढा कमी ठेवायचा, मग वाफेचाही तसाच, असे वाटते. पण बॉयलर त्याच्या ठरलेल्या दाबापेक्षा फार खाली चालवला की वाफेचे आकारमान वाढते, पृष्ठभागावरून ती वेगाने निघते आणि सोबत पाणी ओढून नेते. ओल्या वाफेत उष्णता कमी, लाइनमध्ये हातोड्यासारखे ठोके जास्त. वाफ ठरलेल्या दाबाला तयार करा आणि दाब मशीनजवळ पीआरव्हीने (दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हने) उतरवा. पीआरव्हीच्या आधी सेपरेटर (वाफेतले पाणी वेगळे करणारा) आणि स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) हवा.

ट्रॅप गरम आहे म्हणजे ठीक आहे, हा समज

स्टीम ट्रॅप म्हणजे वाफ अडवून तिचे थंड होऊन झालेले पाणी (कंडेन्सेट) बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. टेम्परेचर गन ट्रॅपच्या दोन्ही बाजूंना लावून निकाल देणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चांगला ट्रॅप आणि वाफ सोडणारा ट्रॅप, दोघांच्या पुढच्या पाइपचे तापमान तिथल्या दाबाप्रमाणेच येते. चकचकीत स्टीलवर तर गन वाचनही चुकीचे देते. गनने एवढेच कळते की थंड ट्रॅप तुंबलेला आहे किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. बाकी काम आवाजाचे, म्हणून अल्ट्रासोनिक डिटेक्टर वापरा. थर्मोडायनॅमिक ट्रॅप (डिस्कच्या उघडझापीवर चालणारा) थांबून थांबून टकटकला पाहिजे; सतत तडतडत असेल तर डिस्क झिजली आहे. 7 बारला 3 मिलिमीटरच्या छिद्रातून तासाला सुमारे 30 किलो वाफ निसटते.

याच्या उलट चूकही होते. कंडेन्सेट टाकीच्या व्हेंटमधून वाफ दिसली की सगळे ट्रॅप बदलायला काढतात. 7 बारचे कंडेन्सेट वातावरणात आले की त्यातला 13 टक्के भाग आपोआप फ्लॅश होतो, म्हणजे त्याची पुन्हा वाफ होते. तो ढग ट्रॅपचा दोष नव्हे. टेस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी जोराचा, पाइपाजवळ पारदर्शक असणारा झोत सतत येत असेल, तरच जिवंत वाफ (ट्रॅपमधून थेट निसटणारी) समजा.

ड्रम ड्रायरचा बायपास उघडा ठेवणे

ड्रम ड्रायरमध्ये कापड वाफेने तापलेल्या, फिरत्या सिलिंडरांवरून जाते. सिलिंडरमधले कंडेन्सेट सायफन नळीने वर चढून रोटरी जॉइंटमधून (फिरत्या ड्रमला स्थिर पाइप जोडणाऱ्या जोडातून) बाहेर येते. त्या नळीत वाफ अडकली की ट्रॅप बंदच राहतो, ड्रममध्ये पाणी साचते, कापड ओले निघते आणि ऑपरेटर बायपास (ट्रॅपला वळसा घालणारा व्हॉल्व्ह) उघडतो. मग दिवसभर वाफ परतीच्या लाइनला जाते. येथे स्टीम लॉक रिलीज (अडकलेली वाफ सोडणारा छोटा सुई-व्हॉल्व्ह) असलेला फ्लोट ट्रॅप बसवा आणि त्याची सुई अगदी थोडी उघडी ठेवा. चार सिलिंडर मिळून एक ट्रॅप कधीही देऊ नका. ज्या ड्रमचा दाब जास्त, तो बाकीच्यांचे कंडेन्सेट अडवतो.

कंडेन्सेट गटारात सोडणे

फीड वॉटर (बॉयलरला जाणारे पाणी) 6 अंशांनी तापले की इंधन साधारण 1 टक्का वाचते. फीड वॉटरची टाकी 60 वरून 90 अंशांवर गेली तर 5 टक्के. पण मग फीड पंप खडखडतो आणि कोणीतरी टाकीत गार पाणी सोडतो. पंप खराब नसतो. गरम पाण्याची सक्शनमध्येच वाफ होते. टाकी उंचावर घ्या, सक्शन पाइप जाड आणि कमी बेंडचा ठेवा. रंगाच्या मशीनचे कंडेन्सेट परत घेताना लाइनवर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यात क्षार मिसळले की दाखवणारा) हवाच, मशीनमधली वाफेची कॉइल फुटली की रंगाचे पाणी थेट बॉयलरमध्ये जाते.