स्पिन-ऑफ कॉमिक कॅननमध्ये धरायचं की नाही, हे कसं ठरवावं

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या सुट्टीत भाचा दोन कॉमिक्स घेऊन घरी आला. एक बाळीवेशीकडच्या रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं उचललेलं, कोपरे दुमडलेलं. दुसरं ऑनलाइन मागवलेलं, जाड पुठ्ठ्याचं, कोरं करकरीत. दोन्ही 'एलियन्स' या हॉलिवूडच्या चित्रपटावरून निघालेली, म्हणजे स्पिन-ऑफ. त्यानं ती सतरंजीवर शेजारी शेजारी उघडली. मनोरुग्णालयात ठेवलेली एक तरुणी, चेहऱ्यावर जखमेचे व्रण असलेला एक सैनिक, दोन्हीकडे अगदी तीच चित्रं. पण एकीकडे ती बिली आणि तो विल्क्स, दुसरीकडे ती न्यूट आणि तो हिक्स.

"मामा, ह्यातली खरी कोण?"

प्रश्न फार चांगला आहे. विज्ञानकथांच्या चाहत्यांना कधी ना कधी तो पडतोच. मी गेली अनेक वर्षं ही कॉमिक्स वाचतोय, जमवतोय, आणि त्यांच्यावरून मित्रांशी कंबर तलावाच्या काठावर अंधार पडेपर्यंत वाद घातलेत. त्यातून माझी एक पद्धत बसली आहे, ती इथे देतो.

सुरुवात शब्दापासून

कॅनन म्हणजे मूळ कथेत अधिकृतपणे धरलेला भाग. हा शब्द आधी धर्मग्रंथांसाठी होता, पुढे शेरलॉक होम्सच्या वाचकांनी तो उचलला. कॉनन डॉयलच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा हे कॅनन, बाकीच्यांनी होम्सवर लिहिलेलं ते बाहेरचं.

शब्द परका असला तरी कल्पना आपल्याला चांगली ठाऊक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ तयार केला आणि बजावलं, की यात जो आपली ओवी घुसडेल त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही हेच ठरवण्यासाठी: मूळ कोणतं, प्रक्षिप्त कोणतं. त्या संपादकांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वगळलेले श्लोक त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत ते जसेच्या तसे छापले. वाचणाऱ्याला ते मिळतात, फक्त त्यांची जागा कोणती ते कळतं. कॉमिक्सच्या बाबतीतही एवढंच साधायचं आहे.

सोलापूरकरांना आणखी जवळचं उदाहरण देतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेर विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातातच. त्यातली एखादी चांगली ऊबदार असेलही, पण ती सोलापुरी आहे का हे ऊब सांगत नाही. त्यासाठी ती कुठे विणली ते बघावं लागतं. कॉमिक आवडलं की नाही आणि ते कॅनन आहे की नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मनाशी घट्ट धरा. माझ्या पाहण्यातले निम्मे वाद या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे पेटलेले आहेत.

पहिली पायरी: प्रकाशनाचं पान वाचा

गोष्ट वाचायच्या आधी बारीक अक्षरातलं ते पान काढा. प्रकाशक कोण, आणि कथा *पहिल्यांदा* कधी छापली गेली, या दोन गोष्टी टिपा. हातातल्या प्रतीच्या छपाईचं साल वेगळं असू शकतं, त्याला भुलू नका.

'स्टार वॉर्स'मध्ये सगळा निकाल या सालावर लागतो. २५ एप्रिल २०१४ रोजी 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीनं जाहीर केलं, की तोवरचे सहा चित्रपट आणि 'द क्लोन वॉर्स' ही अ‍ॅनिमेटेड मालिका हे कॅनन. आधीच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ यांचा प्रचंड पसारा 'लेजंड्स' या नावाखाली बाजूला ठेवला जाईल. म्हणजे मार्व्हल या प्रकाशकाची १९७७ ते १९८६ मधली कॉमिक्स बाहेर गेली. १९९१ पासून डार्क हॉर्स या दुसऱ्या प्रकाशकानं काढलेलीही जवळजवळ सगळी गेली. जानेवारी २०१५ पासून मार्व्हलनं नव्यानं सुरू केलेली मालिका मात्र कॅननमध्ये.

घोळ होतो तो इथेच. डार्क हॉर्सच्या जुन्या कथा पुढे मार्व्हलनंच जाडजूड संग्रहांत पुन्हा छापल्या. साल नवं, प्रकाशक नवा, म्हणून माणूस खूश होऊन घेतो, आणि मुखपृष्ठावरची 'लेजंड्स' ही पट्टी घरी आल्यावर दिसते. ती पट्टी आधी शोधा.

आणि नियम पाठ झाला म्हणून निर्धास्त राहू नका. २०१४ मध्येच डार्क हॉर्सनं डार्थ मॉल या खलनायकावर 'सन ऑफ डॅथोमीर' नावाची चार अंकांची मालिका काढली. प्रकाशकावरून पाहिलं तर ती बाहेर जायला हवी, पण ती कॅनन आहे, कारण 'द क्लोन वॉर्स'च्या पडद्यावर न आलेल्या पटकथांवरून ती बेतली होती. प्रकाशकाच्या नावावरून अंदाज येतो, निकाल लागत नाही.

दुसरी पायरी: त्या घराचा नियम कोणता ते शोधा

प्रत्येक फ्रँचायझी, म्हणजे एका कथेभोवती वाढलेला चित्रपट-मालिका-पुस्तकांचा पसारा, हे वेगळं घर आहे, आणि एका घरची रीत दुसऱ्या घरी लावता येत नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये आज चित्रपट, मालिका, कादंबरी, कॉमिक सगळी एका पंगतीत बसतात. डॉक्टर आफ्रा ही पुरातत्त्वाची जाणकार, लबाड आणि मोठी मजेदार बाई २०१५ मध्ये 'डार्थ व्हेडर' कॉमिकच्या तिसऱ्या अंकात जन्मली. चित्रपटात ती कधी आली नाही, तरी ती पूर्ण कॅनन आहे.

'स्टार ट्रेक'च्या घरी रीत उलटी आहे. जे पडद्यावर आलं तेच धरायचं. गोल्ड की कंपनीनं १९६७ पासून काढलेल्या कॉमिक्सपासून आजवरचं सगळं छापील साहित्य बाहेर, मग ते कितीही सुंदर असो.

'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेची गोष्ट तिसरीच. तिथे डॉक्टर या नायकाची चित्रमालिका १९६४ पासून नियतकालिकांत येते आहे, आणि तिच्यात डॉक्टरला जॉन आणि गिलियन अशी दोन नातवंडं आहेत, ज्यांचा मालिकेत पत्ताच नाही. पण बीबीसीनं कॅननची यादी कधी केलीच नाही. तेव्हा 'डॉक्टर हू'मधलं अमुक कॉमिक कॅनन नाही असं कोणी ठासून सांगू लागलं, तर त्याला एवढंच विचारा, की कोणी ठरवलं?

तिसरी पायरी: मूळ कथेशी ताडून पहा

इथे वेळ द्या. कॉमिकमधल्या तीन-चार ठळक घटना एका कागदावर लिहा आणि *नंतर* आलेले चित्रपट किंवा मालिका त्यांच्याशी जुळतात का ते बघा. आधीचं पाहून फारसं कळत नाही, कारण लेखकानं ते सांभाळूनच लिहिलेलं असतं.

जुळतं तेव्हा काय होतं ते बघा. पहिल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या शेवटी डेथ स्टार हे अवकाशातलं महाकाय शस्त्र उडवणारा मुलगा कोण हे खलनायक डार्थ व्हेडरला माहीत नाही. दुसऱ्यात तो स्कायवॉकर या नावाचा पिच्छा करतोय. मधे ते नाव त्याला कळलं कधी? २०१५ च्या कॉमिकमध्ये बोबा फेट हा भाडोत्री शिकारी ते नाव आणून देतो. व्हेडर जहाजाच्या खिडकीपाशी पाठमोरा उभा आहे, तोंडातून शब्द नाही, आणि समोरच्या काचेला तडे जातात. आपल्याला मुलगा आहे हे एका बापाला कळतं तो क्षण आहे हा. चित्रपटांमध्ये मोकळी राहिलेली जागा कॉमिकनं अशी भरली, की आता तो चित्रपट पाहताना ती काच मला आठवते.

जुळत नाही तेव्हाचं उदाहरण 'स्टार ट्रेक: काउंटडाउन'. २००९ च्या चित्रपटाची पूर्वकथा म्हणून आलेलं हे कॉमिक. कथा चित्रपटाच्याच लेखकांची, रॉबर्टो ऑर्सी आणि अ‍ॅलेक्स कुर्ट्झमन यांची. तिच्यात डेटा हा यंत्रमानव जिवंत आहे, एंटरप्राइज या यानाचा कॅप्टन आहे, आणि त्याचा जुना कॅप्टन पिकार्ड व्हल्कन ग्रहावर राजदूत आहे. चित्रपटाच्याच लेखकांनी लिहिलं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते अधिकृत मानलं होतं. मग २०२० मध्ये 'स्टार ट्रेक: पिकार्ड' मालिका आली. तिच्यात डेटा मेलेलाच आहे आणि पिकार्ड फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यावर राहतोय. त्या मालिकेच्या निर्मात्यांत स्वतः कुर्ट्झमन होते! मला तेव्हा मनापासून वाईट वाटलं. पण धडा पक्का झाला: कोणी लिहिलं यावरून कॅनन ठरत नाही, घराचा नियम काय यावरून ठरतं.

चौथी पायरी: कॉमिकचे तुकडे पाडा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच आहे. "हे कॉमिक कॅनन आहे का?" असं एकगठ्ठा विचारू नका. पात्र, घटना, नाव, जागा असं सुटं सुटं विचारा.

आयला सेक्युरा ही 'स्टार वॉर्स'मधली निळ्या कातडीची जेडाय योद्धा मुळात डार्क हॉर्सच्या कॉमिकमधली. 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज लुकास यांना ती आवडली आणि २००२ च्या चित्रपटात ती पडद्यावर दिसली. आज आयला कॅनन आहे, पण तिच्या त्या जुन्या कॉमिक्समध्ये घडलेलं सगळं 'लेजंड्स'. थ्रॉनचंही तसंच. टिमथी झान यांच्या १९९१ च्या कादंबरीतला हा सेनापती २०१४ ला बाहेर गेला आणि २०१६ मध्ये 'रेबेल्स' मालिकेतून परत आत आला. त्या कादंबरीची कथा मात्र बाहेरच राहिली. 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूचं हिकारू हे नावही १९८१ च्या एका कादंबरीतून आलं, आणि १९९१ च्या चित्रपटात उच्चारलं गेलं तेव्हा पक्कं झालं. कादंबरी आत आली नाही, नाव तेवढं आलं.

कधी कधी तर नुसता चेहरा येतो. 'डॉक्टर हू'च्या साप्ताहिकातला अ‍ॅब्सलॉम डाक २०१४ च्या एका भागात गुन्हेगारांच्या फोटोंमध्ये क्षणभर दिसला. त्याच्या सगळ्या कॉमिक-कथा घडल्या असं त्यावरून म्हणता येणार नाही. तो त्या विश्वात आहे, एवढंच म्हणता येईल.

तेव्हा निवाडा देताना वाक्य नेमकं ठेवा. "पात्र आत, कथा बाहेर" असं म्हणायला काहीच हरकत नाही.

पाचवी पायरी: तारीख घालून लिहून ठेवा

साधी दोनशे पानी वही पुरे. नाव, पहिल्या प्रकाशनाचं साल, घराचा नियम, कुठे जुळतं, कुठे भांडतं, आणि शेवटी आजची तारीख. तारीख विसरू नका, कारण निकाल फिरतात. 'स्टार ट्रेक'ची १९७३-७४ ची अ‍ॅनिमेटेड मालिका पडद्यावरची असूनही कित्येक वर्षं बाहेर ठेवली होती, पुढे ती आत घेतली गेली.

पैसे खर्च करण्याआधीही ही वही उघडा. मूळ कथेचा धागा जुळवायचा असेल तर 'स्टार वॉर्स'ची २०१५ नंतरची कॉमिक्स आधी घ्या. नुसती चांगली गोष्ट हवी असेल तर हे बंधन पाळू नका. 'लेजंड्स'मध्ये असं कितीतरी आहे जे वाचलं नाही तर तुमचंच नुकसान.

राहिला भाच्याचा प्रश्न. आम्ही दोघांनी त्याच सतरंजीवर बसून सगळ्या पायऱ्या केल्या. १९८६ च्या चित्रपटातून न्यूट आणि हिक्स वाचतात. १९८८ मध्ये डार्क हॉर्सनं त्यांची पुढची गोष्ट काढली. १९९२ ला तिसरा चित्रपट आला आणि त्याच्या सुरुवातीलाच दोघं मरतात. आता गोष्ट टाकून द्यायची, की वाचवायची? प्रकाशकानं पुढच्या छपाईत नावं बदलली, न्यूटची बिली झाली आणि हिक्सचा विल्क्स. रद्दीतली प्रत ती. २०१६ मध्ये चित्रपटाला तीस वर्षं झाली तेव्हा खास आवृत्तीत जुनी नावं परत दिली. कोरी प्रत ती.

भाच्यानं वहीत लिहिलं: "न्यूट आणि हिक्स या नावांनी वाचलं तर १९९२ च्या चित्रपटाशी भांडण, म्हणून बाहेर. बिली आणि विल्क्स या नावांनी वाचलं तर भांडण नाही. गोष्ट एकच." खाली तारीख घातली, जरा थांबला, आणि पुढे वेगळ्या पेननं लिहिलं: "मला न्यूट जिवंत असलेली आवडते."

ती ओळ मी खोडायला लावली नाही. तिच्यासाठी वहीत शेवटचा एक रकाना वाढवला.