पारिया कॅन्यनमध्ये भावांसोबत ट्रेक: या चुका टाळा

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की नागपुरात दुपारचे रस्ते ओस पडतात. डोक्याला दुपट्टा, घरात कूलर, माठाचं पाणी, कैरीचं पन्हं. या उन्हात वाढलेल्या माणसाला वाटतं, वाळवंटात आपलं सहज निभेल. मागच्या ऑक्टोबरात मी आणि धाकटा नागपूरहून, दादा फिनिक्सहून, असे तिघे भाऊ अमेरिकेतल्या पारिया कॅन्यनमध्ये, म्हणजे पारिया नदीच्या खोल दरीत, उतरलो. युटा राज्यातल्या व्हाइट हाउस नावाच्या ठिकाणापासून ॲरिझोनातल्या लीज फेरीपर्यंत सुमारे ६१ किलोमीटर, चार दिवस, वाट बरीचशी नदीच्या पात्रातूनच. मुक्कामाचं परमिट दिवसाला फक्त २० जणांना मिळतं, त्यामुळे तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती. तरी चुका झाल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी आम्ही नागपुरात कधीच केली नसती.

घड्याळाची चूक

युटात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोनाच्या या भागात करत नाहीत. ऑक्टोबरातही हा फरक असतोच. आम्ही लीज फेरीला गाडी लावून तिथेच झोपलो होतो, सुरुवातीच्या टोकाला सोडणाऱ्या शटलवाल्याला ‘सकाळी सात’ सांगितलं होतं. तो युटाचे सात धरून आला. आमच्याकडे सहा वाजले होते. त्या धावपळीत सॅक भरल्या आणि तुरटीची डबी गाडीतच राहिली. शटल ठरवताना वेळेसोबत राज्यही सांगा. फोनवर विसंबू नका, सीमेजवळ तो कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या.

गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये

पारियाचं पाणी आपल्याकडच्या पहिल्या पुराच्या पाण्यासारखं असतं. गाळ इतका बारीक, की पहिल्याच संध्याकाळी दोन लिटर गाळून होईतो आमचा फिल्टर बंद पडला. तुरटी असती तर काम सोपं होतं: बादलीत चिमूटभर पूड, पाच मिनिटं ढवळायचं, मग हात लावायचा नाही. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी अलगद काढून फिल्टर करायचं. तुरटीनं जंतू मरत नाहीत, म्हणून फिल्टर किंवा उकळणं सोडायचं नाही. पावसाळ्यात आजी माठात तुरटी फिरवायची, तीच ही युक्ती.

तुरटी नसेल तर घडीची बादली भरून रात्रभर ठेवा आणि फिल्टर उलट्या दिशेनं स्वच्छ पाणी मारून धुवा. आम्ही तेच केलं. पण खरं म्हणजे नदीचं पाणी पिण्याची पाळीच येऊ देऊ नका. वरच्या बाजूला शेती आणि गुरं आहेत. सुमारे १९ व्या किलोमीटरला बिग स्प्रिंग आहे, पुढेही झरे लागतात, शेवटचा भरवशाचा झरा साधारण चाळिसाव्या किलोमीटरला. त्यानंतरच्या वीसेक किलोमीटरसाठी प्रत्येकानं किमान पाच-सहा लिटर भरून घ्या.

फक्त डोक्यावरचं आभाळ बघणं

पारिया उगम पावते ब्राइस कॅन्यनच्या बाजूला. तिथे पाऊस पडला की इकडे निळ्या आभाळाखाली लोंढा येतो. १२ ऑगस्ट १९९७ ला जवळच्याच अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून जाऊन मेले. पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत अंबाझरी तलाव भरून वाहताना आणि नाग नदी घराघरांत शिरताना पाहिलेल्या नागपूरकराला हे जास्त समजावून सांगायला नको. म्हणून हवामानाचा अंदाज पाहायचा तो सगळ्या पाणलोट क्षेत्राचा. अरुंद भागात भिंतींमध्ये डोक्यापेक्षा उंच अडकलेले ओंडके दिसतात, ती पुराची खूण. तंबू त्या खुणेच्या वर लावा. पाणी अचानक आणखी गढूळलं, काटक्या वाहू लागल्या, घोंघाट ऐकू आला, तर सामान सोडून उंचावर चढा. पाण्यासोबत खाली पळू नका.

नवे वॉटरप्रूफ बूट

आत शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही, वाळू घासते, दुसऱ्या दिवशी फोड. पाणी लगेच निथळणारे जुने बूट घाला. जाण्याआधी ते बादलीत बुडवून, पाठीवर सॅक घेऊन नागपूरच्या सेमिनरी हिल्ससारख्या टेकडीवर चकरा मारा. पाय कुठे सोलतो ते घरीच कळतं. शौचाच्या पिशव्याही पुरेशा न्या. सगळं सोबत परत आणणं सक्तीचं आहे, आणि शेकोटीला तर बंदीच आहे.

दुपारी चालणं, आणि दादाला न सांगणं

शेवटच्या दिवशी कॅन्यन रुंद होतं, भिंती लांब जातात, सावली संपते. आम्ही उशिरा निघालो होतो. हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतही नाही, वाटतं आपण ठीक आहोत. बारा वाजले तेव्हा धाकटा गप्प झाला होता. दादा म्हणाला, “चाल ना बे, थोडंसंच राह्यलं.” धाकटा चालत राहिला. मीही काही बोललो नाही, कारण आमच्या घरात वाट कोणती आणि थांबायचं कधी हे दादाच ठरवतो. तासाभरात धाकट्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि त्याला मळमळू लागलं. पाणी तो भरपूर पीत होता, पण सकाळपासून त्यानं खाल्लं काहीच नव्हतं. नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचंच.

एका कातळाची सावली सापडली. दुपट्टा नदीत भिजवून त्याच्या मानेवर टाकला, इलेक्ट्रालचं पाणी घोट-घोट दिलं, आईनं बांधून दिलेली जवसाची चटणी टॉर्टियाला (मेक्सिकन पोळीला) लावून भरवली. चार वाजेपर्यंत तिघे तिथेच पडून होतो. अशा वेळी माणूस बरळू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा उलट्या थांबेनात, तर वाट न बघता सॅटेलाइट मेसेंजरचं (उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या यंत्राचं) एसओएस दाबा. आत मोबाइलला रेंज नाही.

त्या कातळाखाली दादानं एक नियम केला, तो आम्ही आता पाळतो: ज्याला सगळ्यात जास्त थकवा आहे तो पुढे चालणार आणि थांबायचं त्यानंच म्हणायचं. बाकीच्या दोघांनी विचारायचं नाही. उन्हाळी वाळवंटात पहाटे निघून दहाला सावलीत, हेच वेळापत्रक ठेवा.

उरलेली वाट धाकट्यामागे हेडलॅम्पच्या उजेडात चाललो. लीज फेरीला गाडीत दहा लिटर पाणी ठेवलेलं होतं. तुम्हीही ठेवा, आणि गाडीची दुसरी किल्ली दुसऱ्या भावाच्या सॅकमध्ये असू द्या.